इरल्याखालचा टेप

आमच्या घरातला टेप अजून चालतो, असं मी आत्ताआत्तापर्यंत सगळ्यांना सांगत होते. त्यातलं निम्मं खरं होतं. रेडिओ चालतो. सीडीचं झाकण उघडतं, आतली चकती गरगर फिरते, पण लावायला आमच्याकडे कधी सीडीच नव्हती. कॅसेटचा कप्पा मात्र गेला, आणि टेप एवढी वर्षं सांभाळला तो त्याच कप्प्यासाठी.

वडील सुदुंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात होते. एका दिवाळीला तिथून हा टेप घरी आला. काळा, दोन्ही गालांना फुगीर स्पीकर, वर धरायला मूठ. तोवर गावातल्या पोरांच्या खिशात गाणी वाजवणारे मोबाईल आले होते. म्हणजे आमच्याकडे आला तेव्हाच तो जुना होता. दुकानात जे खपत नाही ते कामगाराला भेट म्हणून द्यायचं, ही मालकांची रीत. आज मी हे चळवळीच्या पत्रकात लिहीन. तेव्हा शाळेत होते, आणि माझा त्याच्यावर फार जीव होता.

त्याहून जास्त आईचा. वलवणच्या बाजूला आमची भाताची खाचरं होती. लावणीला डोंगरावरच्या वाडीतल्या बाया यायच्या, आई त्यांच्याच रांगेत वाकून लावायची. त्या बायांत एक मावशी होती. ती गाणं उचलायची, बाकीच्या मागून ओढायच्या, आणि गाण्याच्या ठेक्यावर हात चालायचे. गाणं थांबलं की रांग वाकडी व्हायची. आईचे गुडघे गेले तशी ती घरात बसली. पायांपेक्षा तिला त्या गाण्याचंच जास्त दुखायचं. मला म्हणाली, "मावशीचं गाणं भरून आण त्या टेपात."

मी मावशीला सांगितलं, घरी या, ओट्यावर बसू, चहा घेऊ, निवांत म्हणा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिला भर रस्त्यात जेवायला बसवत होते.

"ओट्यावर? पायाखाली चिखल न्हाई तर त्ये गानं कसं म्हनायचं गं? कोरड्यात म्हटलं की खाचर रुसतं."

"मावशी, नुसतं भरून घ्यायचंय."

"मंग आन तुजा डबा हितं. तो बी भिजू दे जरा."

बाया हसल्या. मी मागच्या कप्प्यात मोठे सेल भरले, टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि खाचरात उतरले. पाऊस होताच. मावशीनं डोक्यावरचं इरलं, ते पानांनी शाकारलेलं सूप, जरा उचललं आणि म्हणाली, "घाल हितं, पोटाशी." ती वाकलेली, तिच्या पाठीवर इरलं, इरल्याखाली मी टेप धरून तिच्याबरोबर उलटी सरकतेय, लाल बटण दाबून. शेजारच्या रांगेत तिची लेक होती, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "आयेला येक आनि डब्याला येक, आता इरली दोन लागतील."

कॅसेटमध्ये हे सगळं आलं होतं. गाणं, इरल्यावरचा पाऊस, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, लेकीची चेष्टा. भरून झाल्यावर मावशीनं एक अट घातली.

"डब्यातच ऱ्हाऊ दे. मोबाईलमंदी घालू नको. पोरं त्याच्यावं नाचत्यात."

मी हो म्हणाले. आणि पाळलं.

पुढं वडिलांनी आणि काकांनी खाचरं विकली. डोक्यावर कर्ज नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. भाताचा कंटाळा होता, आणि शेजारच्यानं विकली होती, एवढंच. आमच्याकडं जमीन विकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपण शेवटचे शहाणे. मी तोवर कॉलेजात जाऊन चळवळीत पडले होते. 'खाचर वाचवा' अशी पत्रकं मी लोणावळ्याच्या बाजारात वाटत होते, आणि माझ्याच घरात खरेदीखताचे पेढे आले होते. आईनं पेढा हातात धरून ठेवला. मग उठून टेप लावला. मावशी गात होती आणि वडील म्हणाले, "आवाज कमी कर जरा, पाहुणे आहेत."

खाचराच्या जागी बंगला झाला. हिरवळ, पोहायचा तलाव, मागं नोकरांची खोली. शनिवार-रविवारी मालक येतात, तुंगार्लीपर्यंत ऐकू जाईल अशी गाणी लावतात आणि सोमवारी निघून जातात. बाकी आठवडा बंगला सांभाळायला एक जोडपं ठेवलंय. त्यातली बाई म्हणजे मावशीची लेक. जिथं तिनं रोप लावलं तिथल्या फरशा ती पुसते. सभेत मी हे वाक्य अनेकदा बोलले, टाळ्याही घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या जमिनींचे सौदे तेव्हा चालू होते.

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. नंतर लेक आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली, किती म्हटलं तरी आत येईना.

"ताई, आयेचं गानं हाये ना तुमच्याकडं? माज्या मोबाईलमंदी घालून द्या. पोरीनं तिचं गानं कदी ऐकलंच न्हाई."

मी म्हटलं, "मावशीनं नको म्हटलं होतं. मोबाईलमध्ये घालणार नाही असं कबूल केलंय मी."

ती शांतपणे म्हणाली, "आये माजी का तुमची?"

  मी म्हटलं, उद्या टेप घेऊन बंगल्यावर येते.

मालक नसताना, दुपारी, बंगल्याच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो. तिनं पोरीला जवळ घेतलं, मोबाईल स्पीकरला टेकवला. मी कॅसेट घातली, बटण दाबलं.

पाऊस आला आधी. तो ओळखू आला. मग आवाज आला, पण मावशीचा नव्हता. जाड, ओढलेला, पुरुषासारखा. टेपातला चाकं फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला की कॅसेट अशी रडते. आईचे कान गेल्यापासून कॅसेट वाजवलीच नव्हती, त्यामुळं आत काय सडलंय ते कुणाला कळलं नव्हतं. आमच्या हवेत चपलांना बुरशी येते, मग या पट्ट्याचं काय. पोरगी म्हणाली, "ह्यो कोन बाबा हाये?" तेवढ्यात आत करकर झाली. मी बंद करेपर्यंत फीत चाकांत गुंडाळली गेली होती.

लेकीनं कॅसेट माझ्या हातातून घेतली. पेननं फिरवून फिरवून फीत आत घ्यायला बघत होती. एका जागी ती सुतळीसारखी वळली होती, पुढं तुटलीच. दुरुस्तीला लोणावळ्यात विचारलं, तळेगावात विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, नवीन स्पीकर घ्या, ब्लूटूथचा. वस्तू विकणाऱ्यांनी पट्टा बनवणं सोडलं, आणि आपण पट्टा मागणं सोडलं. पण पट्टा मिळाला असता तरी त्या तुटलेल्या फितीचं काय केलं असतं?

हे नंतरचं. तेव्हा पायरीवर तिनं मोबाईलमध्ये आलं होतं तेवढं ऐकलं. जाड आवाजात गाण्याची सुरुवात, मग करकर, मग माझं "थांब, थांब."

"ही आये न्हाई," ती म्हणाली, आणि पुसून टाकलं.

मी म्हटलं, "तुला येतं की. रांगेत होतीस तू. तूच म्हण, पोरीसाठी भरून घेऊ."

तिनं पायांकडं पाहिलं. खाली फरशी होती, सकाळीच पुसलेली. तिच्या आईनं याच जागी इरल्याखाली गाणं म्हटलं होतं.

"कशात उभी ऱ्हाऊन म्हनू?" ती म्हणाली.

माझ्या डोक्यात एक भयंकर विचार आला. पाइप लावून हिरवळीवर पाणी सोडू, चिखल करू. मी तो बोललेही. ती हसली, तिच्या आईसारखी.

"ताई, त्ये चिखल न्हाई, त्ये बागेचं पानी. आनि ह्यात रोप कुटं हाये? हात कशाला चालवू?"

पोरगी टेपाची बटणं दाबत होती. रेडिओ लागला, खणखणीत. कुणीतरी डोंगरात घर घ्या म्हणून सांगत होतं. लेकीनं ते जरा वेळ ऐकलं.

"ह्ये चालतंय की," ती म्हणाली. "मंग ऱ्हाऊ द्या हितंच. भांडी घासताना बरं. कॅसेट तुमी न्या."

"कॅसेट तुझी आहे."

"मी काय करू तिला? तुमाला भाषनात लागंल."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं का साधंच, मला आजही कळलेलं नाही. मी ती घेतली. तेव्हापासून सभेत मी मावशीचं किंवा तिच्या लेकीचं नाव घेत नाही. घेतलं नाही म्हणून काही वाचलं असंही नाही. वलवणच्या बाजूचं शेवटचं खाचर यंदा विक्रीसाठी मोजलं गेलं.

पत्रकं वाटायला त्या रस्त्यानं जावं लागतं. बंगल्याच्या मागून रेडिओ ऐकू येतो. मला पाहून ती आवाज कमी करते, ओले हात साडीला पुसते, पत्रक घेते.

"वाचून घीन कुनाकडनं तरी," म्हणते.

मी पुढं जाते. फाटकापाशी पोचेपर्यंत तिनं आवाज परत वाढवलेला असतो.