आवळीखालचं भरीत

आमच्या ले-आउटमधल्या बागेबद्दल मला आता प्रेम उरलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बागेवर लिहिणारी माणसं फुलं, पाखरं आणि सकाळचं कोवळं ऊन असं काहीबाही लिहितात. ते सगळं तिथं होतं. मला त्यातलं काही लिहायचं नाही.

घर आमचं भंडाऱ्याबाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या हायवेला लागून, शहापूरच्या अलीकडे. पूर्वी इथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. ती बुजवून प्लॉट पाडले आणि नियमाप्रमाणे मधोमध एक ओपन स्पेस सोडली. तिच्यात वर्षानुवर्षं गाजरगवत, बांधकामाचा मलबा आणि दारूच्या बाटल्या सुखानं नांदत होत्या. मी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले त्याच सुमारास ले-आउटमधल्या काही जणांनी ती जागा साफ करून बाग करायचं ठरवलं. रोज सकाळी श्रमदान, ज्याला जमेल त्यानं यावं, असा निरोप ग्रुपवर आला. मी पहिल्याच दिवशी घरची कुदळ खांद्यावर टाकून गेले. माहेर माझं आसगावकडचं. धानाच्या रोवण्याच्या चिखलात मोठी झालेली बाई मी, मला माती कोणी शिकवायची गरज नव्हती.

बागेसाठी मंडळ झालं आणि त्याला अध्यक्ष आपोआप मिळाले. कुठल्याशा कचेरीतून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. खुरपं त्यांच्या हातात मी कधी पाहिलं नाही, पण फोटो निघायची वेळ झाली की कुदळीच्या दांड्याला त्यांचा हात बरोबर लागायचा. बोलणं मात्र मऊ. सगळ्यांना जी लावून बोलायचे. मला सगळे सिस्टर म्हणायचे, तेही म्हणायचे. त्यांच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं इंजेक्शन द्यायला मी दर महिन्याला त्यांच्या घरी जात होते. माझ्या हातची सुई त्यांना चालत होती.

आम्ही बौद्ध. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि लपवलंही नव्हतं. आमच्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. ऐकणारा क्षणभर थांबतो, मग "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि विषय हवापाण्याकडे वळवतो. नोकरीत मी ते अच्छा-अच्छा इतक्यांदा ऐकलंय की आता ते लगेच कानाला लागतं.

कामासाठी जोड्या पाडल्या होत्या. एका जोडीला एक वाफा आणि दोन-तीन झाडं. माझी जोडीदारीण मागच्या गल्लीतली, माझ्याच वयाची, तुमसरच्या राईस मिलवाल्या घरातली लेक. पहिल्या दिवशी तिला फावडं धरता येत नव्हतं, महिनाभरात माझ्या बरोबरीनं खड्डे खोदायला लागली. बाई हसरी, कामाला चिवट, आणि चहाड्या न करणारी. आमच्या वाट्याला एक आवळीचं झाड आणि वांग्यांचा वाफा आला होता. शेणखत आम्ही हातांनीच मिसळायचो. एकाच घमेल्यात तिचे दोन हात, माझे दोन हात, कोपरापर्यंत. ती घमेलं भरून द्यायची, मी तिच्या हातातून घेऊन आळ्यात रिकामं करायची. असं तीन वर्षं चाललं. वाईट माणसाचा मला इतका राग येत नाही. ती चांगली होती, म्हणून येतो.

घरी चहाला ये म्हटलं की तिला नेमकी स्वयंपाकाची घाई असायची. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण रोज सकाळी शेजारी कोणी हसत काम करत असलं की माणूस अशा गोष्टी बाजूला ठेवतो.

कार्तिकात आवळीपूजन असतं. आवळीला हळदकुंकू वाहायचं, दोरा गुंडाळायचा आणि झाडाखाली सगळ्यांनी एकत्र जेवायचं. बाग उभी राहिली त्याच वर्षी मंडळानं हे वनभोजन सुरू केलं. झाड तेव्हा कमरेएवढंही नव्हतं, पण बायकांना पुरलं. मी पूजा करत नाही. त्या पूजा करत होत्या तेव्हा मी बोअरचा पाईप सांभाळत बाजूला उभी होते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. ज्याचं त्याचं.

जेवणाची वाटणी अध्यक्षांनी केली होती. कोणाकडे वडाभात, कोणाकडे कढी, कोणाकडे पुऱ्या. मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही डिस्पोजल आणा. म्हणजे कागदाच्या ताटल्या आणि ग्लास. मी आणले. दुसऱ्या वर्षी पुन्हा वाटणी झाली, बायकांनी आपापसात पदार्थ बदलले, कढीवालीनं पुऱ्या घेतल्या, पुऱ्यावालीनं वडाभात. मला पुन्हा डिस्पोजल. त्या वर्षी ताटल्यांचा गठ्ठा घेऊन येताना मला वाटेत सगळं नीट कळलं. दुकानातून आणलेली बंद वस्तू. जिला माझ्या चुलीचा वास लागलेला नाही.

एवढं कळल्यावर गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. आमच्या वाफ्यातली वांगी हे लोक दर रविवारी पिशव्या भरभरून न्यायचे, वर सांगायचे की सिस्टरच्या वांग्यांना चव आहे. कच्चं चालत होतं. मला फक्त एक पाहायचं होतं, माझ्या हातचं शिजवलेलं हे लोक खातात की नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी वाटणी व्हायच्या आधीच मी ग्रुपवर लिहून टाकलं की या वेळी भरीत माझ्याकडे, आणि तांदळाच्या भाकरीही.

ज्या ग्रुपवर गुड मॉर्निंगला पंचवीस जण हात जोडतात तिथं माझ्या निरोपाखाली दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी अध्यक्ष फाटकापाशी आले. आत या म्हटलं तर बूट चिखलाचे आहेत म्हणाले. बूट स्वच्छ होते.

"सिस्टर, तुमाले कायले तकलीफ? तुम्ही आपलं डिस्पोजल आणा जी."

मी म्हटलं, तकलीफ काही नाही, वांगी वाफ्यातलीच आहेत. ते हसले आणि बघू म्हणाले. माझा नवरा व्हरांड्यात बसून ऐकत होता. ते गेल्यावर त्यानं मला समजावलं, कशाला परीक्षा घेतेस लोकांची, निकाल तर तुला माहीत आहे. मला निकाल माहीत नव्हता. एका माणसाबद्दल तरी माहीत नव्हता.

वनभोजनाच्या सकाळी मी अंगणात तुराट्या पेटवल्या आणि वांगी भाजली. इकडची वांगी मोठी, बियांची कमी, भाजली की साल हातानं निघते. कांद्याची पात, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं घातलं. आमच्याकडे भरीत वाढताना गोळ्यात बोटानं खळी करतात आणि तीत जवसाचं कच्चं तेल सोडतात. तेलाची बाटलीही सोबत घेतली. इतकं मन लावून मी घरच्या लग्नातही रांधलं नव्हतं, आणि हे मी रागानं सांगते.

पूजा झाली, पंगत बसली, वाढणं सुरू झालं. मी पातेलं घेऊन उठले. पहिलीला अॅसिडिटी होती. ती मिरचीच्या ठेच्याबरोबर वडाभात खात होती. दुसरीला डॉक्टरांनी वांगं बंद केलं होतं, गेल्याच रविवारी तिनं आमच्या वाफ्यातून पिशवीभर नेली होती. तिसरी म्हणाली, चातुर्मासात आम्ही वांगं-कांदा खात नाही. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की, मी म्हटलं. आमच्यात पौर्णिमेपर्यंत पाळतात, ती म्हणाली. तिच्या ताटातल्या पुरीखाली कांद्याची भजी होती. अध्यक्षांनी ताटलीवर आडवा हात धरला आणि मागून घेतो म्हणाले. कोणी वाईट शब्द बोललं नाही. इतक्या गोड आवाजात अपमान करायला पिढ्यांची सवय लागते.

माझी जोडीदारीण पंगतीच्या शेवटी बसली होती. तिनं ताटली पुढे केली. मी दोन डाव वाढले, गोळ्यात बोटानं खळी केली, तेल सोडलं. ती म्हणाली, मस्त वास सुटलाय. तेवढ्यानं माझा सगळा राग उतरला. बाकीच्यांना मी मनातल्या मनात माफही करून टाकलं. इतकी मूर्ख मी.

जेवणं झाल्यावर उष्टं-खरकटं बागेतल्या खताच्या खड्ड्यात टाकायचं, हा मंडळाचा नियम. मी पुऱ्यांचे तेलकट कागद गोळा करून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले होते. खड्ड्यापाशी ती पाठमोरी उभी होती. ताटली तिरपी करून बोटांनी काहीतरी खाली सारत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा ती दचकली. खाली पालापाचोळ्यावर माझं भरीत पडलं होतं, गोळाच्या गोळा. खळी तशीच आणि खळीत तेल तसंच. एक घाससुद्धा मोडलेला नव्हता.

"वाया नाही जात वं," ती म्हणाली. "खत होते."

मी पंगतीकडे परत गेले. पातेलं उचललं आणि घरी आले. नवऱ्यानं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि माझ्याकडे न बघता भाकर मागितली.

दुसऱ्या दिवशी बागेत कोणी येणार नाही हे ठाऊक होतं, मोठ्या जेवणानंतर मंडळ अंथरुणातच श्रमदान करतं. ती मात्र येणार हेही ठाऊक होतं. मी उरलेलं भरीत आणि भाकर डब्यात घालून गेले. ती आली, पाईप लावला, वांग्यांना पाणी सोडलं, आणि काल काही झालंच नाही अशा आवाजात आवळीला खत द्यायचं का म्हणून विचारलं. मी सरळ विचारलं, काल काहून नाही खाल्लं?

तिनं पाईप खाली टाकला. पदराला हात पुसले.

"माह्या मनात काही नाही वं," ती म्हणाली. "पण त्या साऱ्या पाहून राहिल्या होत्या. सासूच्या कानावर गेलं असतं त..."

"आता कोणी नाही पाहून राहिलं," मी म्हटलं आणि डबा उघडून बांधावर ठेवला.

ती बसली. भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला. हात वर उचलला. मी श्वास धरून बसले होते, हे लिहितानाही मला त्याची चीड येते. साठीला आलेली बाई मी, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं या हातांनी केलेली, आणि एक बाई माझा घास खाते की नाही याकडे डोळे लावून बसलेली.

तेवढ्यात फाटकाशी अध्यक्ष दिसले, सकाळच्या फेरीवर निघालेले. ते आमच्याकडे नीट बघतही नव्हते. त्यांनी हात केला आणि पुढे गेले. तिचा हात खाली आला होता. घास मुठीत होता आणि मूठ पदराखाली. ते वळणापलीकडे गेले तरी ती मूठ बाहेर आली नाही. मी वाट पाहिली. शेवटी तिनं उठून पाण्याच्या धारेखाली हात धरला. भाकर आळ्यात वाहून गेली.

मी डब्याचं झाकण लावलं. ती घाईघाईनं खताच्या ढिगाकडे गेली, घमेलं काठोकाठ भरलं, कमरेवर घेऊन माझ्यापाशी आली आणि रोजच्यासारखं पुढे केलं. तिचे डोळे भरले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही.

"खाली ठेव," मी म्हटलं. "मी उचलते."

माझ्या आईनं, तिच्या आईनं हे शब्द लोकांच्या दारात उभं राहून ऐकले होते. आमच्या घरातून ते कोणी कधी उच्चारले नव्हते. कोण कोणाला काय म्हणतंय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं वाकून घमेलं जमिनीवर ठेवलं आणि माझा स्पर्श होणार नाही इतकी मागं सरकून उभी राहिली.

मग मी ते उचललं आणि आवळीला खत घातलं.