सावळीरामांचं वजन

दुधाची कळशी दिसली आणि खंडेराव पुतळ्याजवळ सरकले.

अहो, चाळीस वर्षं दगड फोडलेला माणूस! द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमधून गेलेले पुतळे जिल्हाभर उभे आहेत. पण दगडाची धूळ छातीत बसली आणि डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा छिन्नी धरलीत तर माझ्याकडे येऊ नका." तेव्हापासून रद्दी. जुन्या वह्या, लग्नपत्रिका भिजवायच्या, कुटायच्या, खळ आणि मेथीची पूड घालून लगदा मळायचा, त्याचेच पुतळे करायचे. बायको सुवर्णा म्हणायची, "काम झकास होतंय, पण लोकांना सांगा तरी!" तिथंच तर घोडं पेंड खात होतं. कागदवाला म्हणवून घ्यायची त्यांना लाज वाटायची.

म्हणून रोहित आपल्या वडिलांचा, सावळीरामांचा, अर्धपुतळा सांगायला आला तेव्हा तो दगडाचाच असणार असं धरून चालला, आणि हे गप्प बसले. वरून काळा रंग असा चढवला की भलाभला फसावा. आज वर्षश्राद्धाला पुतळा मखमलाबादच्या मळ्यात स्वतःच आणला, कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

आणि आता रोहित म्हणत होता, "काका, आई दुधानं आंघोळ घालणार हं."

तेलाचा एक हात दिला होता, पण तो शिंतोड्यांपुरता. कळशीभर दूध! आधी नाक जाईल, मग मिशी, तीही सगळ्या भाऊबंदांसमोर. पळून जावं असंही मनात आलं.

सावळीरामांच्या बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, कळशी उचलली.

"थांबा!" खंडेराव ओरडले. "कागदाचा आहे तो. मी सांगितलं नाही. चुकलं माझं."

रोहित लालबुंद झाला. "माझ्या बापाचा पुतळा रद्दीचा?"

चंद्रभागाबाईंनी कळशी खाली ठेवली आणि पुतळ्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचललं. सहज आला. आता आपटणार, म्हणून खंडेरावांनी डोळे घट्ट मिटले.

"गप रे, रोहित," त्या म्हणाल्या. "शेवटचे दोन महिने मीच उचलायची त्यांना, उन्हात बसवायला. लय हलके झाले व्हते. एवढंच वजन व्हतं."

खंडेरावांनी डोळे उघडले तेव्हा त्या पुतळा छातीशी धरून ओट्यावर पोचल्या होत्या, आणि झेंडूच्या वाफ्यांकडे तोंड करून त्याला उन्हात बसवत होत्या.