पीएचपीचं मराठी पुस्तक

संध्या वानखडे मोर्शीच्या एका टायपिंग क्लासात अकरा वर्षं शिकवत होती. क्लास बंद पडला, तेव्हा वेबसाइट बनवायला शिकावं म्हणून ती अमरावतीला पुस्तक घ्यायला गेली. दुकानात पीएचपी या वेबसाइटसाठीच्या संगणकभाषेची इंग्रजी पुस्तकं पाच होती, मराठी एकच.

"हे लय जुनं हाये ताई," दुकानदार म्हणाला. "यातलं आता चालत नाई. इंग्रजीतलं न्या."

संध्यानं इंग्रजी पुस्तकाचं पहिलं पान दोनदा वाचलं. काहीच कळलं नाही.

"मले मराठीच द्या," ती म्हणाली.

महिनाभर तिनं रोज धडे केले. वेबसाइटला डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, जोडायच्या धड्यापाशी संगणक दरवेळी चूक दाखवायचा. दोष जुन्या पुस्तकाचा आहे हे ठाऊक असूनही तिला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. दिवाळीआधी ती साड्यांच्या दुकानात कामाला लागली.