डावीकडून पहिला पट्टा

निळे सर फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन उचलला की थेट विचारायचे, “बोल, डावीकून पयला पट्टा कोनता?” आपण “निळा” म्हटलं की मग तब्येत, पाऊसपाणी आणि पोराबाळांची चौकशी. विमा विकणारे बिचारे गोंधळून फोन ठेवून द्यायचे आणि सर दिवसभर खूश असायचे.

घाटंजीच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितकंच मानधन. घर मारेगावकडचं, बौद्ध. ‘निळे सर’ हे नाव त्यांना स्टाफरूममधल्या कुणीतरी दिलं होतं. देणाऱ्याच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं, पण सरांनी ते नाव इतक्या आनंदानं उचललं की देणाऱ्याची मजाच गेली. “बरं झालं, पिवळे सर नाई म्हनलं,” ते म्हणायचे, “लोकायले वाटलं असतं कावीळ झाली.”

कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या वर्गातल्या मुली सुट्टी लागल्यासारख्या एकेक करून गळत होत्या. माझ्या बाबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “यंदा पास झाली तं शिक. नाई तं पाहुने येऊन राह्यले.” आणि मी नेमका कॉम्प्युटरचा विषय घेऊन बसले होते. कॉलेजला पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसनं आपली जुनी मशीन दान दिली होती. त्यांत सरांनी ओपन सोर्स प्रणाली टाकली. ती फुकट होती आणि कुणीही उघडून दुरुस्त करावी अशी होती. मशीन सुरू व्हायची, पंखे फिरायचे, पडदा मात्र काळाच. परीक्षेत पडद्यावर रंगीत आकृत्या काढून दाखवायच्या होत्या. बाहेरचा परीक्षक येऊन काळा पडदा बघून गेला असता तर माझं वर्ष गेलं असतं, आणि आमच्या घरात गेलेलं वर्ष परत मिळत नसे.

“यात बिघाड नाई, दुभाष्या नाई,” सर आम्हाला म्हणाले. “बाजारात कोलामी बोलनारी बाई अन् दुकानदार समोरासमोर उभे आहेत. दोघंही बोलून राह्यले, पन मंधात सांगनारा कोनी नाई. त्याले म्हनतात ड्रायव्हर.” आमच्या मशीनमधल्या चित्र दाखवणाऱ्या चिपसाठी असा दुभाष्या कुणी लिहिलाच नव्हता आणि बनवणाऱ्या कंपनीनं तिची माहिती कुणाला दिली नव्हती. सरांनी तशाच एका दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर उघडून समोर ठेवला. एक आकडा बदलायचा, मशीन बंद करून चालू करायचं आणि पडदा पाहायचा. मध्ये लोडशेडिंग आलं की खडू घेऊन आमचं फिजिक्स पुरं करायचं. रविवारी एसटीनं यवतमाळच्या नेट कॅफेत जाऊन जगभरच्या ओपन सोर्सवाल्यांना प्रश्न विचारायचे. महिनोन् महिने हेच चाललं होतं.

एका दुपारी पडदा उजळला. समोर कुणीतरी काढलेला कापसाच्या शेताचा फोटो होता. काळी माती, हिरवी पानं आणि फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. सर जागचे हलले नाहीत.

“पांढरं पाहून खूश नका होऊ,” ते म्हणाले, आणि त्यांनी पंचशील ध्वजाचं चित्र लावलं. प्रत्येक पडद्याची परीक्षा ते याच झेंड्यावर घ्यायचे. त्यात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि भगवा असे पट्टे ओळीनं असतात. आज डावीकडून पहिला पट्टा लालभडक होता. निळा तिसऱ्या जागी गेला होता, भगवा आकाशी झाला होता. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्याच्या तीन आकड्यांनी बनतो; त्यातले लाल आणि निळ्याचे आकडे उलट क्रमानं जात होते. पांढऱ्यात तिन्ही रंग सारखेच भरलेले, त्यामुळे अदलाबदल झाली तरी पांढरं ते पांढरंच. शेताच्या फोटोत ही चूक कधी दिसलीच नसती.

तेवढ्यात प्राचार्य आले. शेजारच्या मशीनवर आम्ही हौसेनं त्यांच्या भगव्या वस्त्रांतल्या गुरुमहाराजांचा फोटो लावून ठेवला होता. महाराज पांढरी दाढी सोडून नखशिखान्त निळे. प्राचार्य थबकले. “काय सर, आमच्या महाराजांनाही तुमच्यात घेतलं का?”

सर शांतपणे म्हणाले, “दोन आकडे उलटे पडले साहेब. घाबरू नका, कायमचं नाई.”

आधी प्राचार्यच हसले. मग आम्ही इतकं हसलो की बाहेरून शिपाई बघायला आला.

परीक्षा तोंडावर आली होती. मी म्हटलं, “सर, आपण आकृत्यांच्या प्रोग्राममध्येच निळ्याच्या जागी लाल लिहू ना! परीक्षेपुरतं चालून जाईल.” ते म्हणाले, “तुह्या परीक्षेपुरतं चालन. उद्या फुलसावंगीच्या पोरीकडं असंच मशीन आलं तं? तिनं बी आयुष्यभर निळ्याले लाल म्हनाचं काय?” फुलसावंगीच्या त्या न पाहिलेल्या पोरीचा मला भयंकर राग आला. पाहुणे माझ्या घरी येणार होते, तिच्या नाही.

सरांनी मूळ ड्रायव्हरच दुरुस्त केला, आणि परीक्षेच्या सकाळी पहिला पट्टा निळा होता. मी पास झाले. बाबा निकालाच्या दिवशी सरांना भेटायला आले, तेव्हा सरांनी त्यांनाही तो झेंडा आणि कापसाचा तो फोटो दाखवून सगळी कथा ऐकवली. “पांढरं पाहून खूश होऊ नये,” या वाक्याशी बाबा थांबले. म्हणाले, “सर, हे आमाले पेरनीच्या आंधी सांगाचं होतं.” दोघं बराच वेळ हसत राहिले. पाहुण्यांचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही.

तो ड्रायव्हर सरांनी त्या परदेशी मंडळींकडे पाठवला. त्यांनी चुका काढून परत पाठवला, पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. मलाच अपमान वाटायचा. सर म्हणायचे, “परत आला म्हंजे वाचला तरी. कॉलेजात मी कायम नोकरीचे अर्ज करून राह्यलो, ते तं परतही येत नाईत.” ड्रायव्हर शेवटी स्वीकारला गेला. अर्ज मात्र कुणी वाचलेच नाहीत. काही वर्षांनी तासिकाही बंद झाल्या आणि सर मारेगावला गेले. मी पुण्यात पडद्यांच्याच कामाला लागले. माझं शिक्षण, नोकरी, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं त्या एका खोलीतून निघालं आहे. हे मी त्यांना कधी म्हटलं, की ते लगेच पाऊसपाण्यावर जायचे.

मागच्या वर्षी तो ड्रायव्हर जुना म्हणून प्रणालीतून काढून टाकला. ही बातमी फोनवर सांगवेना, म्हणून मारेगावला गेले. सर म्हणाले, “मशीन भंगारात गेली पोरी, आता दुभाष्या काय करन?” त्यांना दुःख वेगळंच होतं. विहारावरचा झेंडा उन्हानं विटतो, कमिटीला सांगून दोनदा नवा आणवला, तरी निळा पट्टा मळकाच. मी बाहेर जाऊन वर पाहिलं. झेंडा लखलखीत होता.

“सर, डोळे दाखवलेत?”

“डोळ्यायले काय झालं? रोज पेपर वाचतो मी. पांढऱ्यावर काळं, चकचकीत.”

“सर,” मी म्हटलं, “पांढरं पाहून खूश नका होऊ.”

ते उठले आणि चप्पल घातली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मी पुण्यात होते. त्यांचा फोन आला, पण या वेळी मी त्यांना बोलूच दिलं नाही.

“डावीकडून पहिला पट्टा कोणता, सर?”

विहारासमोरच उभे असावेत.

“निळा,” ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, “एवढा निळा होता काय हा?”