तिसरी हाक

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार. हजर: जनगणनेच्या कामावर नेमलेली मी, गावचे पोलीस पाटील आणि वरच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या काकी.

पूर्णगडच्या खाडीपासून आत, कातळ चढून गेलं की ही वाडी लागते. घरं सात, त्यातल्या सहांना कुलूप. शाळा सुटल्यावर निघाले होते. पेन्सिली तासलेल्या, नकाशावर घरांचे क्रमांक घातलेले. काम उरकून शेवटची एसटी गाठायची होती.

पाटलांनी चढणीवरच बजावलं होतं, की इथे तिन्हीसांजेला पहिल्या दोन हाकांना कोणी ओ देत नाही. दोन हाका कोणीही मारू शकतं, न दिसणारंसुद्धा. तिसरी मारतं ते माणूस. म्हणून काकींच्या दारात मी सरळ तीन हाका मारल्या.

त्यांची माहिती लगेच लिहून झाली. पण काकी मला बंद घरांवरूनही फिरवू लागल्या. एक घर प्लेगात निम्मं झालं, ते पुन्हा भरलं नाही. एकातले भाऊ गिरणीत गेले. गिरणी बंद पडली तरी मुंबईतच राहिले. एकात नुसत्या मुली, लग्न होऊन गेल्या. प्रत्येक अंगण मात्र ताजं सारवलेलं होतं. एवढं सगळं एकटीने कसं सारवता, असं मी विचारलं.

"मी माझं तेवढं सारवते," काकी म्हणाल्या. "माझे गुडघे बघितलेत ना?"

पाटील खाली रस्त्याकडे बघत राहिले.

शेवटचं घर काकींच्या वारलेल्या जाऊबाईंचं. तिथे त्या थांबल्या.

"माझा मुंबईतला झील म्हणतो, वाडीत दुसरं माणूस असेल तर राहा. नाहीतर मे महिन्यात कुलूप घालून तुला मुंबईला नेतो. बाई, तुम्ही हाक मारा. ओ आली तर लिहा."

"काकी, जाऊबाईंना लिहिलं तर उद्या त्यांचं रेशनकार्ड काढायला मलाच पळवाल," पाटील म्हणाले, पण हसले नाहीत.

काकींचं मन राखायला मी दोन हाका मारल्या. आत तांब्या खाली ठेवल्यासारखा आवाज झाला. मांजर असेल. पाटील तोवर पायवाटेला लागले होते.

"मी रोज दोनच मारते," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "तिसरीचा धीर होत नाही."

मलाही झाला नाही. 'घर बंद' असं लिहिलं. वाडीची लोकसंख्या एक.

मे महिन्यात मुलाने कुलूप घातलं.

२००३ साली पोलिओच्या डोसांसाठी त्या बाजूला गेले. यादीत वाडी होती, म्हणून चढले. काकी गेल्या पावसाळ्यात मुंबईत वारल्या, हे पाटलांनी खालीच सांगितलं होतं. सूर्य नुकताच बुडाला होता. सातही घरांना कुलूप. काकींच्या दारावरचं गंजलेलं होतं आणि अंगणातलं सारवण अजून ओलं होतं.

मी हाक मारली. मग दुसरी मारली. आत पाट सरकवल्याचा आवाज झाला, आणि मग दारापलीकडे कोणीतरी येऊन थांबावं तशी शांतता.

यादीत बाकीच्या सगळ्या वाड्यांपुढे त्या दिवशी खूण झाली. या वाडीपुढे अजून नाही. तिसरी हाक मारायची राहिली आहे.