एका दिवसापुरती स्कूटर

दादाला मागून ढकललेलं खपत नसे. दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या दिवशी रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली. म्हणून मी त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि ढकलू लागलो. पंचवटीतली ती गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओळखीची दारं. तिसऱ्या दाराशी त्याने मागे न बघताच कुबडी फिरवली. माझा चष्मा फुटला, काच भुवईत गेली.

"मेलोय का मी?" तो म्हणाला. "चौघांनी न्यावं तसा नेतोस ते!"

मी भुवईला रुमाल लावून उभा राहिलो. त्याने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, फरशीच्या फटींत अडकत, महापालिकेपासून देवापर्यंत सगळ्यांना शिव्या देत उरलेली गल्ली पार केली. त्याला अर्धा तास लागला. दारांतून लोक बघत होते, पण कुणी पुढे आलं नाही. त्याला ओळखत होते सगळे.

त्याचा उजवा पाय साखरेने नेला होता, गुडघ्याखालून. डाव्या पायातही जाणीव अशी उरली नव्हती. वहिनी त्या तळव्याला तेल चोळत असताना तो पेपर वाचायचा आणि मध्येच विचारायचा, "लावलंस का?"

तो गेला आहे, म्हणून आता त्याला गोड करून लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. तो भाजीबाजारात आडत्या होता आणि त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. लिलावात एका व्यापाऱ्याने टोमॅटोच्या ढिगाला लाथ लावली, तर दादाने रिकामा क्रेट त्याच्या तोंडावर फेकला. शाळेत असताना माझं दप्तर नदीत टाकणाऱ्या मुलाचा त्याने दात पाडला, आणि घरी आल्यावर "रडलास कशाला" म्हणून मलाही बडवलं. वहिनीच्या हनुवटीवर एक खूण आहे. ती कशाची, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देतो आणि परत घेतो. माझा आवाज कुणी ऐकलेला नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. मला तो 'मास्तर' म्हणायचा, आणि ती शिवीच होती.

मुलीवर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. ती नऊ वर्षांची. पाय जाण्याआधी त्याने तिला कबूल केलं होतं की परीक्षा संपली की हायवेवरच्या त्या मोठ्या पार्कात नेईन. आकाशपाळणे, घसरगुंड्या, पाण्यात पडणाऱ्या होड्या. परीक्षा संपली तरी ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. उलट त्याने मागायच्या आत त्याच्या हाताशी पाणी, गोळ्या, कुबड्या आणून ठेवू लागली. ते त्याला सहन होत नव्हतं.

"एक दिवस, मास्तर," तो मला म्हणाला. "माझ्या पोरीसमोर एक दिवस मला कुणी ढकलायचं नाही. मी माझा जाणार, ती माझ्या बरोबरीने पळणार. एवढं जमव. पुस्तकात बघ कुठं लिहिलंय का."

पुस्तकात नव्हतं. ज्या सर्जिकलच्या दुकानातून आम्ही त्याची लोखंडी खाट भाड्याने आणली होती, तिथे होतं. म्हातारे दुकानदार स्वतः टेम्पोत घालून अपंगांसाठीची बॅटरीवरची स्कूटर घेऊन आले. तीन चाकं, मऊ सीट, पुढे जाळीची टोपली. कुणाच्या तरी वडिलांची होती, ते वारल्यावर मुलांनी दुकानात आणून ठेवलेली. त्यांनी दादाला सगळं समजावलं. उजव्या अंगठ्याशी एक दांडी आहे, दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते. मागे पिवळी दांडी आहे, ती ओढली की चाकं मोकळी होतात आणि हाताने ढकलता येते.

"ढकलायची गोष्ट काढू नका," दादा म्हणाला. "ब्रेक कुठंय?"

"ब्रेक नाही साहेब. अंगठा उचलला की जागच्या जागी उभी."

"पंचवीस वर्षं पिकअप चालवली. बिनब्रेकची गाडी पहिल्यांदा बघतोय."

"आणि पाणी लागू देऊ नका. एवढं सांभाळा."

"एप्रिलात पाणी कुठलं चाचा? नळाला येत नाही, हिला कुठून लागणार?"

ते हसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आरती घेऊन बाहेर आली. झेंडूचा हार, हळद-कुंकू, चाकांखाली लिंबं.

"वहिनी, भाड्याची आहे ती," मी म्हणालो.

"गाडी भाड्याची असेल भावोजी. बसणारा भाड्याचा नाही."

आमच्या दारात आलेली प्रत्येक गाडी अशीच निघाली होती. दादाने पायरीवर नारळ फोडला आणि पाणी हँडलवर ओतलं, जसं प्रत्येक पिकअपच्या बोनेटवर ओतलं होतं तसंच. ते हँडलवरून ओघळून अंगठ्याच्या दांडीच्या फटीत उतरताना मी बघितलं. नारळाचं पाणी हे पाणी आहे, असं आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी तर हातही जोडले.

वहिनी आली नाही. पाळण्यांनी चक्कर येते म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, "एक दिवस घरात आवाज नको मला." स्कूटर पिकअपच्या हौद्यात क्रेट बांधायच्या दोरीने बांधली आणि गाडी मी चालवली. मुलगी आमच्या दोघांमध्ये बसली.

"क्लच आहे तो, कादंबरी नाही. दाब की पूर्ण!"

"दाबतोय दादा."

"पप्पा, काका घाबरलेत."

"जन्मापासून."

ती खिदळली. तिला तसं हसलेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पार्कातले पहिले दोन तास त्याला हवे होते तसे गेले. हँडलवर वेगाचं बटण होतं, एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. त्याने ते सशावर फिरवलं आणि आत शिरला. ती बरोबरीने पळत होती. मी मागे, पिशव्या घेऊन. "सरका, सरका, माल येतोय!" तो ओरडायचा आणि लोक हसून बाजूला व्हायचे. ती पाळण्यात बसली की तो खाली थांबून मान वर करून बघत राहायचा. ती वरून किंचाळली की खालून हा किंचाळायचा. एकदा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस?" मी म्हणालो, "बघितलं." आम्हा दोघांत एवढं साधं बोलणं क्वचित होत असे.

दुपारी त्याने सांगितलं, "दांडी चिकटतेय रे."

"उन्हाने असेल," मी म्हणालो.

उन्हाने नव्हती. दुकानदारांनी नंतर हँडल उघडून दाखवलं तेव्हा आत नारळाच्या पाण्याची साखर वाळून डिंकासारखी झाली होती. सरबत सांडलं होतं का, त्यांनी विचारलं.

पाण्यातल्या होडीच्या रांगेपाशी ते झालं. रांगेच्या टोकाला एक माणूस आमच्याकडे पाठ करून आपल्या बायकोचा फोटो काढत होता. दादाने अंगठा उचलला. दांडी दाबलेलीच राहिली. मी त्याच्या उजव्या मांडीकडे बघत होतो. ती ताठ झाली, पुढे रेटली गेली, पुन्हा रेटली गेली. नसलेल्या पायाने तो नसलेला ब्रेक दाबत होता. त्या माणसाच्या गुडघ्यांत मागून स्कूटर घुसली, तो तोंडावर लोखंडी कठड्यावर आदळला. कडकन आवाज झाला. तो वळला तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तळहातावर अर्धा दात होता.

तोवर मी चावी फिरवून गाडी बंद केली होती. पण त्याच्याबरोबर दोन भाऊ होते.

"लंगड्या, डोळे पण गेले का रे तुझे?"

दादाने माफी मागायला हवी होती. त्याने पहिल्याच्या कानाखाली मारली, बसल्या जागेवरून. मग दोघांनी मिळून त्याला सीटवरून ओढलं. तो कुशीवर पडला, डोकं फरशीवर आपटलं. एकाने पोटात लाथ घातली, मग पाठीत. दादाने तो पाय दोन्ही हातांनी धरला आणि पोटरीला चावला. तो माणूस ओरडला आणि दुसऱ्या पायाने दादाच्या तोंडावर मारू लागला. दुसऱ्याने कुबडी उचलली आणि उलट्या बाजूने त्याच्या खांद्यावर, बरगड्यांवर घातली. लोकांनी गोल केला होता. फोन वर झाले होते. मुलगी एकाच पट्टीत ओरडत होती, श्वास न घेता.

माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. ती कुणाच्या तरी डोक्यात घालायचा विचार मनात स्पष्ट आला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. मी बाटली खाली ठेवली आणि दात पडलेल्या त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं," मी म्हणालो. "आजारी आहे तो. चुकलं आमचं. सोडा."

त्यांनी सोडलं. त्यानेच आपल्या भावांना मागे ओढलं. सुरक्षारक्षक आले. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली आणि ही चालू न करता बाहेर न्या म्हणाले. एकजण चाकांची खुर्ची मागवतो म्हणाला.

दादा कठड्याला टेकून बसला होता. एक डोळा मिटला होता. तो माझ्याकडे बघून थुंकला. लाल.

"पाया पडलास? त्यांच्या?"

"दादा..."

"मारत होते ते बरं होतं."

मी पिवळी दांडी ओढली, चाकं मोकळी झाली. "बस," मी म्हणालो. "गेटपर्यंत फक्त."

त्याने मुलीकडे बघितलं. ती हुंदके देत त्याच्या दुसऱ्या कुबडीला चिकटून उभी होती. "तू बस," तो तिला म्हणाला. "पाय दुखत असतील तुझे." आणि कठडा धरून उभा राहिला.

तसे आम्ही निघालो. ती सीटवर, मी मागून ढकलतोय, आणि शेजारून दादा दोन कुबड्यांवर. गेट लांब होतं. ऊन इतकं होतं की पाण्यातून आलेली मुलं सिमेंटवर उड्या मारत सावलीकडे पळत होती, पाय टेकवत नव्हती. अर्ध्या वाटेवर माझी नजर खाली गेली. दादाचा डावा पाय अनवाणी होता. चप्पल त्या मारामारीत कुठेतरी गेली होती. तळवा सिमेंटवर पूर्ण टेकत होता, उचलला जात होता, पुन्हा टेकत होता. त्याला काही कळत नव्हतं.

मी तोंड उघडलं. मग मला कुबडीवरची त्याची मूठ दिसली. दात आवळलेला जबडा दिसला. आता काही बोललो तर तो मला इथेच, तिच्यासमोर मारेल, असं वाटलं. गेट आलंच आहे, असंही वाटलं. मी बोललो नाही.

"मला ढकललं का कुणी?" तो तिला विचारत होता.

"नाही पप्पा."

"सांग घरी आईला."

घरी वहिनीने पाय धुवायला घेतला तेव्हा तळव्याची कातडी तिच्या हातात आली. तो हसला. "कळलंच नाही बघ," म्हणाला. आठवड्याने बोटं काळी पडली. दुसराही पाय कापायला तो तयार नव्हता, तयार झाला तोवर उशीर झाला होता. विष रक्तात गेलं. शेवटच्या दोन दिवसांत तापात तो सगळ्यांशी भांडला, नर्सचा हात पिरगाळला. माझ्याशी मात्र बोलला नाही. पार्कातून आल्यापासूनच बोलला नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, पायात चप्पल नाही हे बरोबरच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही आलं."

दहाव्याला रामकुंडावरून आलो. मी केस उतरवले होते, डोक्याला वारा लागत होता. मुलगी गच्चीवर एकटी उभी होती, तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"काका, तुम्ही बघितलं होतं ना? पप्पांचा पाय?"

खोटं बोलायला आता तोंड उघडेना. "हो," मी म्हणालो.

"मी पण बघितला होता. सीटवरून दिसत होता मला." ती रडत नव्हती. "मी सांगितलं असतं तर पप्पा ओरडले असते. म्हणून मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही मोठे आहात."

"मला वाटलं, तो मारेल."

"मग मार खायचा ना!" ती किंचाळली आणि तिने दोन्ही मुठींनी माझ्या पोटात, छातीवर, हाताला लागेल तिथे मारायला सुरुवात केली. दात आवळलेले, डोळे उघडे. खालून वहिनीने काय झालं म्हणून हाक मारली. मी तिचे हात धरले नाहीत. ती दमेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.