नखाएवढी साल

वागळे इस्टेटमध्ये आमच्या व्हॉल्व्हसाठी लाकडी खोकी बनवणारा एक सुतार होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खोकं तयार झालं की तो डोळे मिटून प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवायचा. का, ते मला कळायचं नाही.

त्या दिवशी मी घाईत गेलेलो. नव्या व्यापार करारामुळे परदेशात आमच्या मालावरची आयात ड्युटी माफ झालेली आणि पहिला कंटेनर दारात उभा होता. सुताराचा अंगठा एका फळीवर थांबला. तिथे चिकटून राहिलेली नखाएवढी झाडाची साल त्याने पटाशीने काढली. खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्याने ती फळीच उचकटली.

"अहो, एवढ्याशा भोकाने काय होतंय? आता तर ड्युटीपण माफ आहे!"

"ती तुमच्या लोखंडाला, साहेब. माझ्या लाकडातल्या किड्याला कुठे माफी आहे? तिकडच्या बंदरात हे भोक दिसलं, तर अख्खा माल परत येईल."

करार मी ओळ न् ओळ वाचलेला, पण खोक्याला कधी हात लावला नव्हता. शेजारच्या फळीवरून अंगठा फिरवून पाहिला. काहीच कळलं नाही.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी तुम्हाला नुसता कंटेनर दिसतोय."